काळ्या पट्ट्यांना हात लावू नका

टीव्हीवर सिनेमा लागतो, वर-खाली दोन काळ्या पट्ट्या दिसतात आणि घरातलं कुणीतरी लगेच रिमोट उचलतं. ‘झूम’ दाबलं की पट्ट्या गायब. पडदा काठोकाठ भरतो, सगळे खूश होतात. या खुशीवर माझा राग आहे आणि आज तो मोकळेपणाने मांडतो. त्या बटणाने पट्ट्यांबरोबर सिनेमाही जातो. थोडाथोडका नव्हे, पाव हिस्सा.

टेप घेऊन मोजा. ५५ इंची टीव्हीचा पडदा साधारण १२२ सेंटिमीटर रुंद आणि साडेअडुसष्ट सेंटिमीटर उंच असतो. हे झालं १६:९ प्रमाण. सिनेमास्कोप सिनेमाची चौकट मात्र २.३९:१, म्हणजे उंचीच्या जवळजवळ अडीचपट रुंद. असा सिनेमा या पडद्यावर पूर्ण रुंदीत बसवला की उंची होते ५१ सेंटिमीटर. उरलेले साडेसतरा वर-खाली वाटले जातात, तीच ती पट्टी. आता तुम्ही झूम करता. चित्राची उंची साडेअडुसष्टला पोचते, पण त्याच हिशेबाने रुंदी होते १६४ सेंटिमीटर. टीव्ही आहे १२२चा. डावीकडे २१ सेंटिमीटर आणि उजवीकडे २१ सेंटिमीटर चित्र पडद्याच्या बाहेर गेलं. काळ्या रंगाच्या बदल्यात दिग्दर्शकाने रचलेलं चित्र देऊन टाकलं. हा सौदा कुठल्याही बाजूने फायद्याचा नाही.

त्या एकवीस-एकवीस सेंटिमीटरात काय असतं? आशुतोष गोवारीकरांच्या ‘लगान’मध्ये (२००१) रांगेत उभा राहिलेला अख्खा संघ असतो. झूम केलेल्या टीव्हीवर अकरा गडी मोजायला जा, टोकाचे सापडणार नाहीत. गुरुदत्त यांच्या ‘कागज के फूल’मध्ये (१९५९) तर याहून मोठं नुकसान आहे. हा भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी आरशांनी ऊन वळवून अंधाऱ्या स्टुडिओत प्रकाशाचा एक तिरपा झोत उतरवला. झोताच्या एका बाजूला वहिदा रेहमान, दुसऱ्या बाजूला गुरुदत्त. दोघं बोलत नाहीत. गाणं गीता दत्त यांच्या आवाजात मागून ऐकू येतं. त्या प्रसंगात सगळं सांगतं ते दोघांमधलं अंतर. रुंद चौकट घेतली ती या अंतरासाठी. ती कापली की दोन माणसं पडद्याच्या कडांना घासून उभी राहतात आणि त्यांच्यातली पोकळी नाहीशी होते. मूर्तींना दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला, हा मान मिळालेले ते पहिले छायालेखक. पुरस्कार सोहळ्यात त्यांच्या चौकटीला टाळ्या वाजवायच्या आणि घरी तीच चौकट बटणाने छाटायची, हे मला सहन होत नाही.

‘पैसे पूर्ण टीव्हीचे मोजलेत, मग अर्धवट का बघू?’ हा प्रश्न मी प्रत्येक बैठकीत ऐकतो. प्रश्न खोटा नाही. मोठा टीव्ही घेताना माणसाने हप्ते लावलेले असतात. पण पडदा तुमचा असला तरी चित्र कुणीतरी मापून दिलेलं असतं. पैठणी कपाटाच्या खणात मावत नाही म्हणून कुणी तिचे काठ कापत नाही. खोली अंधारी करा, दिवा मालवा. पाच मिनिटांत पट्ट्या भिंतीत मिसळतात आणि फक्त चित्र उरतं.

आणि ही भांडणाची जागा तयार झाली तीच मुळात टीव्हीमुळे. जुन्या सिनेमाची चौकट १.३७:१ होती, जवळजवळ चौकोनी. टीव्हीने जवळपास तेच माप उचललं, ४:३. पन्नाशीच्या दशकात अमेरिकेतला प्रेक्षक घरातल्या खोक्यासमोर बसू लागला, चित्रपटगृहं रिकामी पडू लागली. घरात मिळणार नाही असं काहीतरी द्यायचं म्हणून ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने १९५३मध्ये ‘द रोब’ सिनेमास्कोपमध्ये आणला. त्यामागची भिंग-पद्धत फ्रेंच संशोधक आंरी क्रेतिएँ यांनी विसाच्या दशकातच शोधलेली होती. कॅमेऱ्यावरचं भिंग रुंद दृश्य आडवं दाबून ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर बसवतं, प्रोजेक्टरवरचं भिंग ते पुन्हा पसरवतं. पडदा वाढला, प्रेक्षक परत आला. पुढे हेच सिनेमे टीव्हीवर विकायची वेळ आली तेव्हा ती रुंदी कुणालाच नको होती.

मग सुरू झालं ‘पॅन अँड स्कॅन’. रुंद चित्रातला ४:३ एवढा तुकडा उचलायचा आणि बोलणारं माणूस बदललं की तुकडा सरकवायचा. कुठे बघायचं हे दिग्दर्शकाने ठरवलेलं, ते आता टेप बनवणारा तंत्रज्ञ ठरवू लागला. आपल्या पिढीने हे व्हिडिओ कॅसेटवर आणि दूरदर्शनवर भरपूर पाहिलं. सुरुवातीची नामावली आठवून बघा: अक्षरं उंच आणि बारीक, मागची माणसं आणि घोडेही ताणल्यासारखे उभट. नावं कापली जाऊ नयेत म्हणून तेवढा भाग आडवा दाबून दाखवायचे. शेवटचं नाव गेलं की माणसं एकदम नीट व्हायची. ती नीट झालेली नसत. त्या क्षणापासून दोन्ही बाजू कापायला सुरुवात झालेली असे. नावांची काळजी घेतली गेली, चित्राची नाही.

सिडनी पोलॅक या दिग्दर्शकाने याविरुद्ध न्यायालय गाठलं. त्यांचा ‘थ्री डेज ऑफ द काँडोर’ डेन्मार्कच्या दूरचित्रवाणीने असाच कापून दाखवला होता. १९९७मध्ये तिथल्या न्यायालयाने मान्य केलं की हे कलाकृतीचं विद्रूपीकरण आहे आणि त्यातून दिग्दर्शकाच्या नैतिक हक्काचा भंग होतो. खटला मात्र पोलॅक तांत्रिक मुद्द्यावर हरले. तरी एका न्यायालयाने ‘विद्रूपीकरण’ म्हटलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडे काय? १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५७ कर्त्याला आपल्या कृतीची मोडतोड रोखण्याचा हक्क देतं. पण त्याच कायद्यात चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता. दिग्दर्शक नव्हे, छायालेखक तर नव्हेच. ज्याने चौकट रचली त्याच्या हातात कलम नाही आणि ज्याच्या हातात कलम आहे तो हक्क विकून मोकळा झालेला असतो.

आता उलट बाजू. १६:९चे टीव्ही आले तेव्हा वाटलं, भांडण मिटलं. हे प्रमाण ऐंशीच्या दशकात कर्न्स पॉवर्स या अभियंत्याने सुचवलं. प्रचलित चौकटींचे आयत एकावर एक ठेवून सगळ्यांना सामावून घेईल असं माप त्यांनी काढलं. ते मधलं माप आहे. म्हणजे रुंद सिनेमाला वर-खाली पट्ट्या येणार आणि जुन्या चौकोनी सिनेमाला डाव्या-उजव्या बाजूला. यात चुकीचं काहीच नाही. चूक सुरू होते ती बाजूच्या पट्ट्या बघवत नाहीत तिथून.

१९३६चा प्रभातचा ‘संत तुकाराम’ घ्या. दामले-फत्तेलाल यांनी तो १.३७च्या चौकटीत रचला. विष्णुपंत पागनीसांचा तो शांत, निमुळता चेहरा. टीव्ही ‘फुल’वर ठेवला की चित्र आडवं एक तृतीयांशाने ताणलं जातं. पागनीसांचे गाल फुगतात, टाळ लंबगोल होतात, गौरीबाईंची जिजाई बुटकी दिसते. काही ठिकाणी याहून वाईट उपाय करतात: ताणायच्या ऐवजी वरचा-खालचा भाग कापतात. १.३७चं चित्र १६:९मध्ये असं बसवलं की उंचीतला जवळपास २३ टक्के भाग जातो. ज्या सिनेमाच्या शेवटी विमान वर चढतं, त्या सिनेमाचं आभाळ कापायचं? यूट्यूबवर जुने मराठी सिनेमे हक्कदारांनीच टाकलेले असतात, ‘एचडी’ अशी पाटी लावून, आणि त्यातले कितीतरी असे ताणलेले किंवा डोक्यावरून छाटलेले असतात. तिथे प्रेक्षकाच्या रिमोटचा दोष नाही. फाइलच तशी बनवली आहे. नव्या पिढीने ‘प्रभात’ पहिल्यांदा पाहिला तो असा, फुगलेल्या चेहऱ्यांचा.

परदेशात असं झालं तेव्हा लोक बोलले. २०१९मध्ये डिझ्नी प्लसवर ‘द सिम्प्सन्स’चे जुने भाग १६:९मध्ये कापून आले आणि चित्रात दडवलेले विनोदच उडाले. ओरड झाली, २०२०मध्ये मूळ ४:३चा पर्याय द्यावा लागला. २०२१मध्ये नेटफ्लिक्सवर ‘साइनफेल्ड’ आली तेव्हा रस्त्यातल्या खड्ड्यावरच्या भागातला खड्डाच चौकटीबाहेर गेला होता. आपल्याकडे तुकोबांचं आभाळ गेलं तरी कुणी एक पत्र लिहीत नाही.

टीव्ही कंपन्यांकडे येऊ. सेट खोक्यातून बाहेर येतो तेव्हाच तो चित्र किंचित फुगवून दाखवायच्या तयारीत असतो. त्याला ‘ओव्हरस्कॅन’ म्हणतात. काचेच्या नळीच्या टीव्हीत चित्राच्या कडा वेड्यावाकड्या यायच्या, म्हणून त्या चौकटीमागे दडवायची पद्धत होती. सपाट पडद्यावर ठिपके मोजून बसवलेले असतात, दडवण्यासारखं काही उरलेलं नाही. तरी कित्येक सेट अजून कडेचे काही टक्के खातात. वृत्तवाहिनीच्या तळाच्या पट्टीतली अक्षरं खालून कापलेली दिसत असतील तर तुमचा सेट तेच करतोय. मेनूत ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘फुल पिक्सेल’ असा पर्याय असतो, कंपनीगणिक नाव वेगळं. तो लावा.

आमच्या शेजारच्या काकूंकडे नवा टीव्ही बसवायला आलेला मुलगा कामाला चोख होता. भिंतीला भोकं पाडली, पातळी तपासली, वायरी पट्टीत घातल्या. मग सेट-टॉप बॉक्स जोडला आणि न विचारता ‘वाइड झूम’ लावला. मी विचारलं, हे कशाला? तो म्हणाला, ‘‘काका, फुल नाही ठेवलं तर कस्टमर फोन करतात, पीस डिफेक्टिव्ह आहे म्हणून. मग मलाच परत यावं लागतं.’’ त्याचं खरं होतं. काकू एक जुनी मालिका बघत होत्या. त्याला म्हटलं, बॉक्समध्ये आधी बघू. बॉक्सच्या सेटिंगमध्ये ‘४:३’च्या पुढे ‘स्ट्रेच’ होतं. म्हणजे बॉक्स चित्र ताणत होता आणि टीव्ही त्या ताणलेल्याला आणखी फुगवत होता. बॉक्सला मूळ प्रमाण राखायला सांगितलं, टीव्हीला ‘ओरिजिनल’ केलं. बाजूला पट्ट्या आल्या. काकू पुढे सरकून बघत राहिल्या. ‘‘अरे, ही बाई तर बारीकच होती की! मला वाटायचं, टीव्हीवर सगळे जाडच दिसतात.’’ त्या मुलाने मोबाइलवर दोन्ही सेटिंगचे फोटो काढून घेतले. पुढच्या घरी दाखवायला, म्हणाला.

इथे एक अपवाद सांगतो, कारण तो ठाऊक नसल्याने लोक गोंधळतात. कधीकधी चारी बाजूंनी काळं येतं, मधे पाकिटाएवढं चित्र. जुन्या साध्या वाहिन्यांवर आणि आपल्याकडच्या कितीतरी जुन्या डीव्हीडींवर हे होतं. रुंद सिनेमा आधी ४:३च्या चौकटीत वर-खाली पट्ट्या देऊन बसवला, मग ती ४:३ची चौकट तुमच्या रुंद टीव्हीवर बाजूला पट्ट्या देऊन बसली. इथे झूम दाबा, बिनधास्त दाबा. दोन्ही बाजूंना सारखंच मोठं होतं, कडेपर्यंत पोचतं आणि काहीही कापलं जात नाही. तोटा वेगळा आहे. आपल्या पाल पद्धतीत वरून खाली ५७६ ओळी असतात. असं बसवलेल्या सिनेमास्कोप चित्राला त्यातल्या जेमतेम ३२० मिळतात, बाकी काळ्या रंगात जातात. तोच सिनेमा डीव्हीडीवर अॅनामॉर्फिक पद्धतीने, म्हणजे आडवा दाबून भरला असता तर ४३०च्या आसपास ओळी मिळाल्या असत्या. तबकडी तीच, जागा तीच. फक्त बनवणाऱ्याने एवढी काळजी घ्यायला हवी होती. ती कितींनी घेतली, हे तुमच्या कपाटातल्या डीव्हीडी लावून बघा.

‘ऑटो झूम’ या पर्यायापासून मात्र लांब राहा. काळा भाग दिसला की तो आपणच ठरवून चित्र फुगवतो. वेस अँडरसनच्या ‘द ग्रँड बुडापेस्ट हॉटेल’मध्ये (२०१४) तीन काळांसाठी तीन चौकटी वापरल्या आहेत: १९३२ला चौकोनी, १९६८ला सिनेमास्कोप, त्यापुढच्या काळाला १.८५ची. कुठल्या सालात आहोत हे प्रेक्षकाला चौकटीवरून कळतं. ऑटो झूम तिन्ही सालांना एकाच मापात कोंबतो. उपशीर्षकं खालच्या पट्टीत येणारा सिनेमा असेल तर तीही जातात आणि मग कोरियन सिनेमा कळला नाही अशी तक्रार येते.

चित्र जास्तच गुळगुळीत, मालिकेसारखं दिसत असेल तर तोही सेटच्या सेटिंगचाच दोष. सेकंदाला २४ चौकटींच्या सिनेमात टीव्ही स्वतःच्या चौकटी घुसडतो. टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वॉरी यांनी २०१८मध्ये व्हिडिओ काढून लोकांना ते बंद करायला सांगितलं. २०१९मध्ये ‘फिल्ममेकर मोड’ जाहीर झाला, त्यात ही घुसडणी बंद होते आणि मूळ प्रमाणही राखलं जातं. नवा सेट घेताना तो आहे का, हे विचारा. आवाज किती वॅट हे नंतर.

वाहिन्यांचा प्रकार सगळ्यात वाईट. प्रेक्षकाने घरात सगळं नीट लावलं तरी त्या मधेच चित्र दाबतात: सिनेमा चालू असताना तो आकसून कोपऱ्यात जातो, बाजूला आणि खाली जाहिरात येते, नायिका दहा सेकंद उभट होऊन रडते आणि पुन्हा पूर्ववत. कोपऱ्यात वाहिनीचं चिन्ह, खाली उद्याच्या मालिकेची पट्टी. चित्रपटगृहात पडद्यावर कुणी असं काही चिकटवलं असतं तर लोकांनी खुर्च्या मोडल्या असत्या.

घरचं तपासायला एकच गोष्ट पुरते. पडद्यावर पूर्ण गोल वस्तू समोरून दिसली की थांबवा: घड्याळ, ताट, बैलगाडीचं चाक, कॅरमची सोंगटी. टेपने आडवं मोजा, उभं मोजा. दोन्ही आकडे सारखे आले तर सेट ठीक आहे. आडवं जास्त आलं तर टीव्ही आणि बॉक्स दोन्हीकडे जाऊन ‘ओरिजिनल’ शोधा. सगळं करूनही गोल लंबगोलच राहिला तर चित्र मुळातच बिघडवून पाठवलेलं आहे. त्याचा फोटो काढा, सिनेमाचं नाव, तारीख, वेळ लिहा आणि वाहिनीला किंवा ओटीटीला पाठवा. ‘सिम्प्सन्स’ची चौकट ओरड झाल्यावरच परत आली होती.

आणि निर्मात्यांनो, तुम्हाला वेगळं सांगतो, कारण कायद्याने कर्ते तुम्ही आहात. तुमचा सिनेमास्कोप सिनेमा चित्रपटगृहासाठी २०४८ गुणिले ८५८च्या मापात जातो, तिथे एक ठिपकाही इकडचा तिकडे चालत नाही. टीव्हीसाठी तोच १९२० गुणिले साधारण ८०४ असा बसतो, वर-खाली पट्ट्यांसकट. हे हक्क विकताना करारात हप्त्यांची तारीख असते, प्रक्षेपणाची संख्या असते, वर्षं असतात. त्यात आणखी एक कलम घाला: चित्रपट मूळ प्रमाणातच दाखवला जाईल; तो कापला, ताणला किंवा दाबला जाणार नाही. खाली तुमची सही, शेजारी छायालेखकाची.